नव्या साळखात्याचं दार



मुंबईच्या कापड गिरण्यांत एक खातं होतं. विणकामाचं. गिरणगावात त्याला साळखातं म्हणायचे. सूतकताईच्या खात्यापेक्षा तिथं मजुरी जास्त. आणि तिथं महाराचा, मांगाचा, चांभाराचा पोरगा घ्यायचा नाही असा रिवाज. कायदा नव्हता, पाटी नव्हती, मालकाचा लेखी हुकूम नव्हता. मग होतं काय? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायला लागायचा. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड कसं लावायचं, असं शेजारच्या मागावरचा सवर्ण कामगार म्हणायचा. हाच कामगार मोर्चात आपल्या बाजूनं चालायचा, जगातल्या कामगारांच्या एकजुटीची घोषणा द्यायचा. घोषणेला विटाळ नव्हता, धोट्याला होता. एका थुंकीनं आपल्या तीन पिढ्यांचा पगार खाल्ला.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढं हाच सवाल टाकला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमन राहतो हेही त्यांनी तिथं मांडलं. साधा पोर्टरसुद्धा होता येत नव्हतं, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागत आणि मास्तरच्या घरात आपली सावली चालत नव्हती. रूळ आपण टाकायचे, गाडी दुसऱ्यानं चालवायची.

हे जुनं मढं मी आज का उकरतोय? कारण गिरण्या मेल्या, साळखातं मेलं नाही. ते जागा बदलून बसलंय. आता तिथला धागा सुताचा नाही, काचेचा आहे. कापड विणत नाहीत, जाळं विणतात. त्या जाळ्याचं नाव इंटरनेट. ते जाळं उभं करणं, चालतं ठेवणं आणि राखणं हे आजचं साळखातं आहे. त्याच्या दाराशी आपण कुठं उभे आहोत एवढाच या अंकाचा सवाल आहे.

मी डॉकवर माल उचलणारा माणूस. मॅट्रिक. कविता करतो ती रात्री, विरार लोकलमधून उतरल्यावर. मला कॉम्प्युटरचं काय कळतं, असं काही शहाणे म्हणतील. त्यांना सांगतो, माल कसा हलतो हे डॉकवाल्याइतकं कुणाला कळत नाही, आणि इंटरनेट म्हणजे माल हलवणंच आहे. तुमचा फोटो, तुमची सही, तुमच्या खात्यातले दोनशे रुपये, सगळ्याचे लहान लहान खोके करतात. प्रत्येक खोक्यावर कुठून आला, कुठं जायचा, ते लिहितात. वाटेत जागोजागी एक यंत्र बसलेलं असतं, राउटर. ते मुकादमासारखं पत्ता वाचतं आणि खोका पुढच्या टोळीकडं ढकलतं. शेवटच्या धक्क्यावर खोके जुळवून माल पुन्हा उभा करतात. फायरवॉल म्हणजे डॉकचं गेट, पास नसेल तर आत नाही. लॉग म्हणजे टॅली क्लार्कची वही, कुठला खोका किती वाजता आला, कुणी सोडला. एवढं कळलं तर पुढचं सगळं कळतं. ज्यांनी हे अवघड शब्दांत बांधून ठेवलं त्यांना ते अवघडच ठेवायचं होतं. वेद पण असेच बांधून ठेवले होते.

आता हा धागा जमिनीवर कुठून जातो ते बघा. नालासोपारा, वसई, विरारच्या रस्त्याकडेला चर खणून रंगीत पाइप पुरताना माणसं दिसतील. जव्हार-मोखाड्याचे आदिवासी, मराठवाड्यातून दुष्काळानं हाकललेले आपले बौद्ध, मातंग. उन्हात डोकं फुटेस्तोवर खणायचं, पाइप टाकायचा, माती लोटायची, मुकादमानं दिलेला रोज खिशात घालून दुसऱ्या नाक्यावर जायचं. त्या पाइपातून पुढं काय धावणार हे त्यांना कुणी सांगत नाही. चाळीत केबलवाल्याकडं कामाला असलेली आपली पोरं खांबावर चढून वायर ओढतात. पावसात, विजेच्या तारांच्या बाजूनं, ना हातमोजा ना पट्टा. पडला तर नशीब त्याचं. हे इंटरनेटचं काम नाही काय? हेच तर मूळ काम. पण याला करिअर म्हणत नाहीत. करिअर म्हणजे थंडगार खोलीत भिंतभर पडद्यांसमोर बसून त्या धाग्यावर नजर ठेवणं. धागा तोच. एका टोकाला कुदळ, दुसऱ्या टोकाला खुर्ची. मधलं अंतर जातीनं मोजायचं.

समुद्रातूनही हाच धागा येतो. परदेशाशी आपला जो काही इंटरनेटचा व्यवहार चालतो तो आकाशातनं येतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जवळपास सगळा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांतून येतो. खोल पाण्यात ही केबल अंगठ्याएवढी जाड, तिच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू. २०२२ च्या अखेरीस भारतात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ ठिकाणी किनाऱ्याला लागत होत्या आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. वर्सोव्याच्या वाळूखालून त्या शहरात शिरतात.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची बाहेरच्या जगाशी जोडणारी निम्म्याच्या आसपास ताकद गेली. दोन दिवसांनी आखातात आणखी एक तुटली. तिथं तपासणीत सापडला जहाजाचा टाकून दिलेला पाच टनांवरचा नांगर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्र लागलेलं रुबीमार नावाचं जहाज वाहत गेलं, त्याच्या ओढत्या नांगरानं तीन केबल तुटल्या असं सांगितलं जातं. डॉकवाल्यांनो, नांगर म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एवढ्या मोठ्या आधुनिक जगाचा गळा एका लोखंडी आकड्याला अडकतो.

आता बंदराचीच गोष्ट. २७ जून २०१७. मी तेव्हा शाळेत होतो, पण डॉकवरची मोठी माणसं अजून सांगतात. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया नावाचा धक्का आहे, डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या कंपनीकडून चालवला जाणारा. त्या दिवशी तिथले कॉम्प्युटर मेले. कुठला कंटेनर कुठल्या थरावर, कुणाचा, कुठल्या ट्रकवर चढवायचा, सगळं त्या डब्यांत होतं. क्रेन शाबूत, जहाज शाबूत, माणसं शाबूत आणि काम ठप्प. बाहेर ट्रकांच्या रांगा. मग हातानं, कागदावर, जुन्या टॅली क्लार्कच्या पद्धतीनं काम ढकलायला लागलं.

कुणी बॉम्ब टाकला नव्हता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी विष घातलं. त्याचं नाव पुढं नॉटपेट्या पडलं. ते युक्रेनमधल्या एका कचेरीतून मर्स्कच्या जाळ्यात शिरलं आणि जगभर पसरलं. पसरलं कशानं? एक, विंडोजमध्ये एक भोक होतं. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं ते शोधून स्वतःपाशी हत्यार म्हणून दडवून ठेवलं होतं, ते हत्यार चोरीला जाऊन बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच त्या भोकाला ठिगळ दिलं होतं, पण जगभर लाखो यंत्रांवर ते लावलं गेलं नव्हतं. दोन, यंत्रात साठलेले पासवर्ड चोरून ते पुढच्या यंत्रात शिरत होतं. म्हणजे चाळीतल्या सगळ्या खोल्यांची कुलपं एकाच किल्लीनं उघडत होती. कंपनीच्या अध्यक्षानंच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत ऐका. त्या कंपनीच्या जाळ्याची सगळी ओळखपाळख ज्या मुख्य यंत्रांत ठेवलेली होती ती जगभरची यंत्रं पुसली गेली. एकच वाचलं. आफ्रिकेत, घानामध्ये. का वाचलं? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या यंत्राची डिस्क इंग्लंडला न्यायची तर घानाच्या कुठल्याच कामगाराकडं इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मग एक जण विमानानं नायजेरियाला गेला आणि तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात ती डिस्क दिली. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचा जीव एका काळ्या माणसाच्या पिशवीतून गेला, ज्याला इंग्लंडच्या दारात उभं राहायला कागद नव्हता. ओळखीचं वाटतं ना?

तर नेटवर्क सुरक्षा म्हणजे सिनेमातली काळ्या टोपीतली जादू नाही. ठिगळ वेळेवर लावणं. प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली ठेवणं. एका खोलीत आग लागली तर दुसरीत जाऊ नये म्हणून मधे भिंत घालणं. हिशेबाची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवणं, घानाच्या त्या यंत्रासारखी, पण विजेच्या भरवशावर नव्हे. वही रोज वाचणं. हे काम चोवीस तास चालतं, तीन पाळ्यांत. पडद्यावर इशारे येत राहतात, शंभरातले बहुतेक फालतू. त्यातला खरा कुठला हे रात्री तीन वाजता ओळखायला लागतं. रात्रपाळी आपल्या बापानं केली, आज्यानं केली. जागं राहण्याची विद्या आपल्याला कुणी शिकवायची? सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला फर्मान काढलं की हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉगची वही १८० दिवस जपून ठेवा. म्हणजे ज्या ज्या कंपनीला, बँकेला, इस्पितळाला जाळं आहे तिथं हे काम करणारा माणूस लागणारच. जगाला माणूस हवाय. मग आपला का नाही?

इथं काही मित्र म्हणतील, हे भांडवलदारांच्या तिजोरीची राखण करायचं काम, त्यात आपण का पडायचं? सवाल खरा आहे, टाळत नाही. पण तिजोरी कुणाची हे आधी बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम लुटली गेली. सहकारी बँकेत अंबानीचे पैसे नसतात, मास्तरांचे, पेन्शनरांचे, भाजीवाल्यांचे असतात. आज गरिबाची शिष्यवृत्ती, रेशन, मजुरी, सगळं आधारच्या अंगठ्याला बांधलंय. अंगठा चोरीला गेला तर उपाशी कोण राहणार?

आणि याहून जवळचं सांगतो. भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे आंबेडकरी वकील सुरेंद्र गडलिंग आणि इतर कार्यकर्ते २०१८ मध्ये तुरुंगात गेले. पुरावा कशाचा? कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या पत्रांचा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी करणाऱ्या कंपनीनं अहवाल दिले की रोना विल्सन आणि गडलिंग यांच्या यंत्रांत ई-मेलच्या वाटेनं चोर-प्रोग्राम घुसवला होता आणि ती कागदपत्रं बाहेरून, मालकाच्या नकळत ठेवलेली होती. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं हे अहवाल मानलेले नाहीत. पण आपला सवाल वेगळा आहे. चळवळीच्या वकिलाच्या यंत्रात कोण शिरलं हे बघायला आपल्याला परदेशातली कंपनी लागली. आपल्या लाखोंच्या समाजात, जयंतीला लाखोंचे डीजे लावणाऱ्या समाजात, ती वही वाचणारी किती पोरं होती? पूर्वी घरावर दगड पडायचा, आता यंत्रात पत्र पडतं. दगड कुठून आला ते दिसायचं तरी.

म्हणून आम्ही म्हणतो, पोरापोरींनो, या कामात घुसा. पण डोळे उघडे ठेवून घुसा. वसई, नालासोपाऱ्याच्या स्टेशनबाहेर जाहिराती लागतात, सहा महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी. आमच्या चाळीतल्या एका पोराच्या आईनं मंगळसूत्र गहाण टाकून असल्या एका क्लासला पैसे भरले. मिळालं काय? चार व्हिडिओ आणि एक रंगीत सर्टिफिकेट. नोकरीची हमी देणारा भडवा पहिल्या पावसात दुकान बंद करून गेला. असल्या सावकारांपासून लांब राहा. जे ते विकतात त्यातलं बरंचसं फुकट मिळतं.

दहावी पास असाल तर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे. सरकारी आयटीआयमध्ये राखीव जागा आहेत. त्या रिकाम्या ठेवू नका. लिनक्स फुकट आहे, जुन्या मोडक्या कॉम्प्युटरवरही चालतं. खोका उघडून आत काय लिहिलंय ते बघायला वायरशार्क नावाचं हत्यार आहे, तेही फुकट. आधी पत्ता कसा लिहितात, राउटर कसा वाचतो, नावावरून पत्ता कसा शोधतात, एवढं पक्कं करा. हॅकिंग नंतर. पाया न घालता माडी चढवणारे बिल्डर आपण वसईत रोज बघतो.

इंग्रजी लागतं, पण कादंबरीचं नाही. दोनशे-तीनशे कामाचे शब्द लागतात, आणि डॉकवर विंच, हॅच, स्लिंग आपण शिकलोच ना, कुठल्या कॉन्व्हेंटात?

आणि एक गोष्ट रक्तानं लिहून ठेवा. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीशिवाय बोटसुद्धा घालायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बड्या बापाचा पोरगा शिरला तर त्याला हुशार म्हणतील, आपल्याला आधी लॉकअपमध्ये घालतील आणि मग आडनाव विचारतील.

दार उघडलं म्हणजे आत बसायला जागा आहे असं समजू नका. नेटवर्कच्या कामात ज्या परीक्षेचा कागद सगळीकडं मागतात ती सीसीएनए, सिस्को कंपनीची. एकदा बसायला ३०० डॉलरच्या घरात, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. हमालाच्या घरात तेवढे एकरकमी कधी असतात? आणि जगाचे राउटर बनवणाऱ्या याच सिस्कोवर ३० जून २०२० ला कॅलिफोर्निया राज्यानं दावा लावला. आरोप असा की तिथल्या एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वागवलं, हा राखीव जागेतून आयआयटीत आला हे दुसऱ्यांना सांगितलं, पगार आणि संधी अडवली. कंपनीनं आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा राज्यानं मागे घेतला, कंपनीवरचा तेव्हा कायम ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसंच विधेयक परत पाठवलं. सात समुद्र ओलांडले तरी धोट्याचा विटाळ गेला नाही. पूर्वी तोंड लागलं म्हणून, आता तू कुठल्या कोट्यातून आलास म्हणून.

आपल्या देशात काय झालं ते बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं. सरकारी म्हणजे राखीव जागा. २००२ मध्ये तिचा कारभार टाटांना विकला, २००८ मध्ये नावही बदललं. बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्तीवर घरी गेली. आपला पोरगा शिकून दाराशी पोचतो तेव्हा इमारत विकलेली असते. नवा मालक म्हणतो, इथं फक्त मेरिट. ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी, त्याचं मेरिट. ज्यानं चर खणला त्याचं कुठलं मेरिट? तरी अजून काही सरकारी दारं उरलीत. २००० साली स्थापन झालेली रेलटेल रेल्वेच्या रुळांच्या कडेनं फायबर चालवते. मनमाडच्या परिषदेतला गँगमन ज्या रुळावर हातोडा मारायचा त्याच रुळाकडेचा हा धागा. तिथं हक्कानं अर्ज करा. जागा भरल्या का, अनुशेष किती, माहिती अधिकारात विचारा आणि उत्तर या अंकाकडं पाठवा. आम्ही छापू.

आता आपल्या पालघर जिल्ह्याकडं या. डहाणूजवळ वाढवणला बंदर येतंय. ७६,२२० कोटींचं. जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलं, ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. आमचा समुद्र आणि आमची मासळी जाणार म्हणून जे मच्छीमार आणि आदिवासी लढताहेत त्यांच्या बाजूनं आम्ही उभे आहोत, त्यात किंतु नाही. पण सरकार लाखांनी रोजगार मिळतील म्हणून जो ढोल पिटतंय त्याला एक सवाल विचारायचाच. ते रोजगार कुठल्या खात्यात? नवी बंदरं हातावर चालत नाहीत. क्रेन, गेट, कंटेनरची नोंद, सगळं जाळ्यावर. २०१७ ला न्हावा शेवानं दाखवलं की जाळं गेलं की बंदर म्हणजे लोखंडाचा ढीग. उद्या त्या बंदराच्या कंट्रोल रूममध्ये पालघरचा पोरगा, वारल्याची पोरगी, कोळ्याचा, बौद्धाचा मुलगा बसणार, की तो गेटवर शिट्टी घेऊन उभा राहणार आणि ती लादी पुसणार? सुरक्षा म्हटलं की आपल्या वाट्याला वॉचमनची टोपी. ती टोपी पण इमानाची आहे, तिला मी हसत नाही. पण आत पडद्यासमोर बसणारी सुरक्षा वेगळ्या जातीची का असावी?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. ज्या कंपन्या सार्वजनिक रस्ता, समुद्र, रुळाची कडा वापरून केबल टाकतात त्यांनी नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींना वाटा द्यावा. जमीन सगळ्यांची, तर खुर्ची पण सगळ्यांची.

२. चर खणणाऱ्या आणि खांबावर चढणाऱ्या कंत्राटी कामगाराला पट्टा, विमा, बँकेत पगार. आणि दोन वर्षं काम केलेल्याला काच जोडण्याचं, म्हणजे स्प्लायसिंगचं शिक्षण पगारी दिवसांत.

३. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांत नेटवर्कची एक चालती प्रयोगशाळा. परीक्षेची फी सरकारनं थेट भरावी, आधी भरा मग परत मागा हा धंदा बंद.

४. वाढवणला बंदर लादलंच तर कंट्रोल रूमपासून गेटपर्यंत कुठल्या खात्यात जिल्ह्यातली किती माणसं, हे दर वर्षी जाहीर करावं.

मागण्या मान्य होईस्तोवर हात बांधून बसायचं नाही. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी आपल्या वस्तीतल्या विहारात सकाळी दहा ते एक नेटवर्कचा वर्ग लागेल. फी नाही. शिकवणारा आपलाच एक जण, नवी मुंबईत रात्रपाळी करून येतो, झोप मोडून. आपल्याकडं चार जुने कॉम्प्युटर जमलेत, आणखी सहा लागतात. कुणाच्या ऑफिसात भंगारात निघत असतील तर कळवा, उचलायला मी आणि माझी टोळी येऊ, तेवढी पाठ अजून मजबूत आहे. पोरींची नावं आधी घेऊ, कारण त्यांना नंतर घरातनं सोडत नाहीत.

नालासोपाऱ्याच्या पोरांना शेवटी एक सांगतो. तुमचं गाव जुनं शूर्पारक. प्राचीन काळचं बंदर. १८८२ साली इथल्या स्तुपाचं उत्खनन झालं आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथंच मिळाला. राजानं आपला निरोप कुठल्या पोथीत बांधून ठेवला नाही. बंदरावर, जिथं हमाल, खलाशी, व्यापारी, भिक्खू सगळे येतात-जातात तिथं, लोकांच्या बोलीत, दगडावर कोरला. ज्याला वाचता येईल त्यानं वाचावा. वाचता येत नाही त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवावा. निरोप पोचवण्याचं काम या मातीत मोठं मानलेलं होतं, आणि ते सगळ्यांसाठी होतं.

आज निरोप काचेतून जातो. तो काय आहे, कोण अडवतं, कोण चोरून वाचतं, कोण त्यात खोटं घालतं, हे आपल्याला वाचता आलं पाहिजे. आज्याला साळखात्यात शिरू दिलं नाही. बापानं चर खणला. आता आपण आत जाऊन बसायचं आणि धागा आपल्या हातानं ओढायचा. कुणाला विटाळ होत असेल तर त्यानं बाहेर पडावं.

जयभीम.